बाहेरचा बांध

द्रौपदाबाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते. त्या गेल्यावर संस्थेचा एक माणूस घरी आला होता. शोकसभेत चार शब्द बोला म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि गुडघे दुखतात म्हणून वाटेला लावलं. गुडघे खरंच दुखतात. पण सभेत उभं राहून 'बाई फार मायाळू होत्या' असं माझ्याच्यानं म्हणवलं नसतं. आणि मला जे म्हणायचं होतं ते शोकसभेत म्हणायचं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. भीमेवर धरण व्हायला लागलं, वरच्या अंगाची गावं पाण्याखाली जाऊ लागली. त्यांतल्या एका गावची अठरा घरं सरकारनं उचलली आणि वैरागच्या वाटेवर, भलत्याच एका गावाच्या गायरानात आणून ठेवली. वर कसायला चाळीस एकर जमीन दिली, तीही गायरानातलीच. कागद कच्चा होता. नीट कसलीत तर दोन-तीन वर्षांनी नावावर करू, असं त्यात लिहिलेलं. ज्या गावची जनावरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरत होती त्या गावाला हे कसं सोसावं? त्यांनी या लोकांना 'बुडीतवाले' म्हणायला सुरुवात केली आणि विहिरीवरचा दोर काढून घेतला.

सोलापुरातल्या एका संस्थेनं त्या वस्तीवर शाळा, विणकामाचं शिक्षण आणि सामुदायिक शेती असं तिहेरी काम काढलं होतं. मी ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेली, म्हणून शाळेवर माझी नेमणूक झाली. आणि माझ्या डोक्यावर प्रमुख कोण, तर चौथी पास द्रौपदाबाई. उभा जन्म पलंगाची नवार विणण्यात घालवलेली बाई. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, नऊवारी कासोटा, दात मिश्रीनं काळे आणि काखेत ठिगळ लावलेली छत्री. ती छत्री ऊन असो, नसो, त्या माणसं ढोसायला वापरायच्या.

त्यांच्या बोलण्यात एकच शब्द होता, तो म्हणजे 'मग?'. मुलं वीसपर्यंत पाढे म्हणायला लागली म्हणून मी कौतुकानं सांगायला गेले तर म्हणाल्या, "मग?" वस्तीत कुणाला मुलगा झाला म्हणून पेढा दिला तर पेढा तोंडात टाकून, "मग?" त्या शब्दापुढे आपण जे सांगितलं ते इतकंसं होऊन जायचं. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून कुणाला 'छान' म्हटलेलं ऐकलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पाणउतारा केला. मी चार दिवस खपून रंगीत तक्ता केला होता. ग गवताचा, म मडक्याचा, सगळी चित्रं हातानं काढलेली. संध्याकाळच्या प्रौढ वर्गासाठी तो भिंतीला लावला. बाईंनी तो छत्रीच्या टोकानं उतरवला आणि त्या जागी एक मळकट सरकारी कागद खिळ्यानं ठोकला. जमिनीचा उतारा होता तो.

"ह्येच्यावर शिकव," म्हणाल्या.

"यावर अक्षरं कशी शिकवायची?" मी विचारलं.

"ग गटाचा. क क्षेत्राचा."

"क्षेत्राला क नसतो, क्ष असतो."

"मग?"

झालं. तिथून पुढे त्या वस्तीतली चाळिशी-पन्नाशीची माणसं कंदील पेटायच्या आधी, शेतातून आल्या आल्या, त्या कागदापुढे बसून अक्षरं लावायला शिकली. गट, क्षेत्र, एकर, गुंठे, आकार, खातेदार. त्यांना 'कमळ' वाचता यायच्या आधी 'पोटखराबा' वाचता आला. मला लाज वाटायची. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी जिल्हाभर मुलांना गाणी शिकवत होत्या.

एवढ्यावर मी त्यांचा राग धरला नसता. राग धरला तो फ्रॉकवरून. शहरातल्या महिला मंडळाच्या बायका एकदा गाडी करून आल्या. जुने कपडे आणले होते, चांगले धुतलेले, घड्या घातलेले. बाई तेव्हा वस्तीत नव्हत्या. बायकांनी वाटायला घेतले. हौसा म्हणून एक होती, माग सगळ्यांत आधी शिकलेली, वस्तीतल्या बायका जिचं ऐकायच्या ती. तिची सगुणा सहा वर्षांची. तिला लाल फ्रॉक मिळाला, खांद्यावर फुगा असलेला. ती तो घालून सगळ्या झोपड्यांना दाखवून आली. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी भर उन्हात, सगळ्यांच्या देखत त्या पोरीच्या अंगातला फ्रॉक ओढून काढला, घडी केला आणि मंडळाच्या बाईंच्या हातात ठेवला.

"न्या परत. हितं कुणी भिकारी न्हाय."

मंडळाच्या बायका गोऱ्यामोऱ्या होऊन गाडीत बसल्या. सगुणा उघडी उभी. ती रडलीसुद्धा नाही, नुसती हातांनी अंग झाकत राहिली. मी माझ्या पदरात तिला घेतलं आणि बाईंना म्हटलं, "तुम्हाला मूलबाळ नाही वाटतं?"

"हुती," बाई म्हणाल्या आणि मागाकडे गेल्या.

त्यांच्या त्या उत्तरानं मी वरमायला हवं होतं. मी वरमले नाही. मला वाटलं, असलं काहीतरी बोलून गप्प बसवण्याचीही ही एक तऱ्हाच.

आता शेतीचं. संस्थेच्या अहवालात 'सामुदायिक शेती' असा मोठा शब्द होता आणि पुण्या-मुंबईची माणसं ती बघायला यायची. त्यांना वाटायचं, बाईंनीच हे लोकांच्या गळी उतरवलं. तसं काही नव्हतं. ही माणसं नदीची. भीमेचं पाणी उतरलं की वाळवंटात कलिंगडं, काकड्या लावायची त्यांची जुनी चाल. तिथं बांध घालून उपयोग काय? पुढल्या पावसात नदी सगळं पुसून नेते. म्हणून दर साली सगळ्यांनी जमायचं, दोरी टाकायची, वाळू मोजून वाटून घ्यायची. औंदा तुला काठाचं, तर पुढच्या साली मला. जमीन कुणाची नाहीच, ती नदीची. या चाळीस एकरांतही त्यांनी तेच केलं. सगळं एकत्र नांगरलं, एकत्र पेरलं आणि आलेली ज्वारी माणसं बघून वाटून घेतली. आत बांध नाही. आणि बाहेरही नाही.

त्याचा फायदा गावानं घेतला. पूर्वेच्या अंगाला गावच्या सरपंचाचं, आबांचं, शेत होतं. प्रत्येक नांगरटीला आबांचा नांगर पंधरा-वीस हात इकडे सरकायचा. कुणी बोलायचं नाही. दोन वर्षांत केवढं गेलं ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. म्हणजे मला आपलं वाटायचं लक्षात नाही. एक दिवस बाई पूर्वेच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तिथं त्यांनी पहिल्याच वर्षी एक दगड बघून ठेवला होता. तो दगड आता आबांच्या ज्वारीत आत होता.

त्यांनी हौसाला बोलावलं. "ह्यो दगड कुणाच्यात हुता?"

"आपल्यात हुता की."

"आन आता?"

"आता त्येंच्यात हाय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. समद्यांस्नी ठावं हाय." हौसा शांत होती. "काठ खातीच की नदी, बाई. दर साली खाती. दुसरीकडं दिती परत."

बाईंनी छत्री जमिनीवर अशी आपटली की तिची काडी मोडली. "आगं ही नदी न्हाय! माणसं हायती ही! माणसं परत देत न्हाईत!"

वस्ती गोळा झाली. त्या दिवशी बाई त्यांना जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. बुळे म्हणाल्या, बिनकण्याचे म्हणाल्या, बुडालात तेच बरं झालं म्हणाल्या. ज्यांचं घर, देऊळ, बापाची समाधी पाण्याखाली गेलेली त्या माणसांना! म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. मी मध्ये पडले तर मला म्हणाल्या, "तू गाणी शिकव."

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही दोघी फाट्यावर उभ्या होतो. चार वर्षं रोज उभ्या राहायचो, न बोलता. त्या दिवशी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "इतकं वाईट बोलायची काय गरज होती?"

छत्रीची मोडकी काडी दाबत त्या म्हणाल्या, "आमी निजामाच्या हद्दीतलं. तुळजापूरच्या अंगाला. रझाकारांच्या टायमाला उठून सोलापूरला आलो, छावणीत. दोन म्हयन्यांत परत जाऊ म्हणलं. रान शेजाऱ्याला सांगून आलो, बघ जरा म्हून. भावावानी माणूस. लई चांगला."

"मग?" या वेळी मी म्हणाले.

"मग काय. छावणीत पटकी आली. पोरं गेली. मालक गेले. म्या एकली परत गेले तवा त्यो वळखंना मला."

एसटी आली. त्या चढल्या आणि खिडकीशी बसून थेट झोपल्या. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सगळ्यांच्या देखत मला 'गाणीवाली' म्हटलं आणि ते वाईट वाटणं संपलं.

त्याच आठवड्यात निरोप आला. कचेरीतले साहेब पाहणीला येणार, जमीन नावावर करायची की नाही ते ठरणार. बाईंनी मागावरच्या बायकांना विचारलं, आपलं रान किती उरलंय? कुणाला सांगता येईना. मोजायचं कशानं? सरकारी साखळी कचेरीत. तेव्हा हौसाच म्हणाली, "दोरी टाकायची तर दोरीच इणू की." आणि त्यांनी मागावर नवार विणायला घेतली, चार बोटं रुंद, बावीस हात लांब. बावीस हात म्हणजे गुंठ्याची एक बाजू, हे त्या सरकारी कागदापुढे बसून शिकल्या होत्या. दर हाताला लाल दोऱ्याची एक रेघ. बाई शेजारी बसून चुकलेली रेघ उसवायला लावायच्या. एका बाईला एकच टोक सहा वेळा उसवायला लावलं.

चाळीस एकर रान चौकोनी होतं. चाळीस नवारी लांब, चाळीस नवारी रुंद भरायला हवं. लांबी बरोबर चाळीस भरली. रुंदी सदतीस.

साहेब जीपनं आले. रस्त्यावरूनच बघितलं. गावातले पन्नासेक लोक आबांच्या मागे उभे होते, काहींच्या हातात काठ्या. साहेब म्हणाले, "पीक छान आहे. जेवढं पिकाखाली दिसतंय तेवढं नावावर करून टाकू. पस्तीस-सदतीस एकर असेल."

"व्हय साहेब, तेवढंच हाय," आबा म्हणाले. "आन आमच्या जनावरांनी कुटं जायचं त्ये बी ल्ह्या कुटंतरी."

हौसा पुढे आली. "चाळीस हाय साहेब. रुंदीत तीन नवारी कमी भरत्यात. तीन एकर."

"कुणी मोजलं?"

"आमी." तिनं कमरेला गुंडाळलेली नवार सोडून दाखवली.

साहेब हसले. गावातले लोकही हसले. "अहो बाई, सूत ताणतं."

"ताणंल म्हून भिजवली साहेब. दगड बांधून तीन दिस टांगली. आता न्हाय ताणत."

मग तिनं अर्ज दिला. साहेबांनी तो उलटापालटा करून बघितला. खाली अठरा घरांच्या सह्या होत्या, अंगठा एकही नाही. साहेबांनी दोनदा मोजल्या. त्यानंतर त्यांनी जीपमधून साखळी उतरवायला सांगितली.

साखळीनं आणि नवारीनं रुंदी सारखीच दाखवली, हातभराचा फरक. साहेबांनी जागेवर पंचनामा केला आणि हद्दीचे दगड रोवून दिले. वस्तीतल्या बायका रडत होत्या. मीही रडत होते. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं होतं. मी वळून त्यांच्याकडे बघितलं तर त्या आबांच्या ज्वारीकडे बघत होत्या. परत मिळालेल्या तीन एकरांत ज्वारी उभी होती, कणसात दाणा भरलेली.

"उद्या काढून घ्या ही," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, पेरलीय त्यांनी. खुरपलीय त्यांच्या बायकांनी. पुढल्या हंगामापासून रान आपलं. एवढी ज्वारी नेऊ द्या त्यांना."

"मग?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काढायला लावली. वस्तीतल्या माणसांचे हात उचलत नव्हते, तर स्वतः विळा घेऊन पुढे झाल्या. आबांची म्हातारी आई कडेला बसून शिव्या देत होती. तिच्या नवऱ्यानं, सासऱ्यानं तिथं गुरं चारलेली. बाई तिच्या अगदी पुढ्यातली कणसं कापत गेल्या. त्या दिवसापासून गावच्या दुकानात वस्तीला मीठ मिळेना, आणि माझ्या शाळेत येणारी गावची चार मुलं यायची थांबली ती थांबलीच.

मग बांध घातला. बाहेरचा, चारी बाजूंनी. बाई दिवसभर त्यावर चालायच्या, पायानं माती दाबून बघायच्या. "ह्यो बाहीरचा. आत एक बी नगं," असं त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. बांध पुरा झाला त्या संध्याकाळी हौसानं विचारलं, "झाला का बाई मनासारखा?" बाई काहीच बोलल्या नाहीत. 'मग?'सुद्धा म्हणाल्या नाहीत. एवढाच काय तो त्यांचा आनंद.

तो एक हंगाम टिकला.

माग शिकलेली माणसं सोलापुरात कामाला लागली. हौसाचा नवरा तिथल्या अशोक चौकाच्या बाजूला एका कारखान्यात चादरी विणायला जाऊ लागला. हौसाच्या दिरानं विषय काढला, की राबणार आम्ही आणि वाटा घेणार तुम्ही, तो कसा? नदीवर असताना असं कुणी विचारलं नसतं. तिथं वाळू मोजायची ती सगळ्यांना पुरावी म्हणून. आता माणसं उतारा वाचायला शिकली होती. कुणाच्या नावापुढे किती यायला हवं ते त्यांना सांगता येत होतं. मी शिकवलं होतं, बाईंच्या कागदावरून. दोन महिन्यांत अठरा घरांचे वाटणीचे अठरा अर्ज कचेरीत गेले. सगळे स्वच्छ अक्षरात, सह्यांसकट.

संस्थेनं काम आवरायला घेतलं होतं. मला झेडपीच्या शाळेची ऑर्डर आली होती. बाई त्या दिवशी मागाचं सामान मोजून न्यायला आल्या होत्या, आणि मी त्यांना बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. ऊन डोक्यावर आलेलं. फाट्याकडे जायची वाट शेतातून सरळ होती, रोजची. आम्ही दोघी निघालो तर वाटेत हौसा आणि तिची सगुणा चिखल थापत होत्या. नवा बांध. पलीकडे दीर पाठ करून उभा होता. बाईंनी सवयीनं बांधावर पाय ठेवला.

"उतरा खाली बाई," हौसा म्हणाली. "वल्ला हाय. ढासळंल."

बाई तशाच उभ्या. "म्या बाहीरचा घाल म्हणलं हुतं. आतला कुणी सांगितला?"

"आपलं मोजून घ्या, तुमीच की शिकिवलं."

"आगं, त्यो दीर हाय तुजा. तुजीच माणसं हायती ही."

हौसानं मान वर केली नाही. चिखलाचा गोळा बांधावर ठेवला, दोन्ही हातांनी दाबला.

"मग?" ती म्हणाली.

बाई खाली उतरल्या. त्यांच्या पायाचा ठसा बांधावर उमटला होता. सगुणानं तो लगेच चिखलानं बुजवला. बाईंनी मोडक्या काडीची छत्री उघडली आणि आल्या वाटेनं मागे फिरल्या. आता फाट्यावर जायचं तर सगळ्या रानाला वळसा घालून, बाहेरच्या बांधानं जायला हवं होतं. मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. आज मला ते समजतं. तेव्हा मला आतून बरं वाटत होतं, कुणीतरी त्यांना त्यांच्याच शब्दानं गप्प केलं म्हणून.

"मास्तरीणबाई, येवढं टोक धरा की," हौसा म्हणाली. तिच्या हातात ती नवार होती, लाल रेघांची, आता मळलेली. "भावजींच्या अंगाला हातभर जास्त गेल्यावानी वाटतंय."

मी टोक धरलं. आम्ही मोजत होतो तेव्हा वैरागकडून सोलापूरची एसटी आली, फाट्यावर थांबली आणि निघून गेली. बाई अजून बाहेरच्या बांधाच्या कोपऱ्यावरच होत्या. त्या धावल्या नाहीत, त्यांनी हातही केला नाही.

"नीट ताणून धरा," हौसा म्हणाली, आणि मी नीट ताणून धरलं.